मिशिगन जिंकलं, पण आघाडी कुणाची वाढली?

8 मार्च 2016 ची रात्र मला अजून टोचते. मी तेव्हा मिशिगनमध्ये राज्यशास्त्रात मास्टर्स करत होतो आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यातल्या मतदानाचा, निकाल लागत होता. चाचण्यांत हिलरी क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या. जिंकले बर्नी सँडर्स, दीड टक्क्यानं. सिनेटमध्ये अपक्ष म्हणून बसणारा, पक्षाच्या बाहेरचा माणूस! मी रात्रभर जागून एका मराठी दैनिकासाठी बाराशे शब्द लिहिले, की सँडर्स आता उमेदवारी खेचून आणू शकतात. लेख छापून आला. आईनं कात्रण जपून ठेवलं. लेख चुकला होता, आणि चूक अंदाजाची नव्हती, मोजणीची होती.

अमेरिकी निवडणुकांवर शिकायला किंवा लिहायला येणाऱ्यांसाठी हे सांगतोय. 538 म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारी एकूण इलेक्टोरल मतं, 270 म्हणजे त्यातलं बहुमत, कॉकस म्हणजे प्रायमरीऐवजी सभा घेऊन केलेली निवड, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बाहेरच्या उमेदवाराला संधी किती, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारणार. मला वर्गात विचारला, फोनवर मामांनी विचारला, संपादकांनीही विचारला. उत्तर द्यायची घाई करू नका.

माझी चूक नीट उलगडून सांगतो, कारण दरवेळी नवे लोक तिथेच अडकतात. त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान होतं. तिकडे मी पाहिलंच नाही, कारण तिथे चुरस नव्हती. क्लिंटन यांना तिथे 82 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. आता डेलिगेट मोजा, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी. मिशिगनमध्ये सँडर्स 67, क्लिंटन 63. मिसिसिपीत क्लिंटन 31, सँडर्स 5. म्हणजे दिवसाचा हिशेब क्लिंटन 94, सँडर्स 72. ज्या रात्री सगळे टीव्ही सँडर्सच्या विजयाबद्दल बोलत होते, त्या रात्री ते 22 डेलिगेटनी आणखी मागे पडले. डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्क्यांची अट पार केली की मतांच्या प्रमाणात डेलिगेट मिळतात. त्यामुळे थोडक्यात जिंकलेल्या राज्यातून हाती जवळपास काहीच लागत नाही आणि एकदा मागे पडलेल्याला भरून काढायला एकतर्फी विजय लागतात. तेही मोठ्या राज्यांत, एकामागून एक. पुढच्याच आठवड्यात, 15 मार्चला, फ्लोरिडा, ओहायो, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलिना, मिझुरी ही पाचही राज्यं क्लिंटन यांनी घेतली.

राज्य कुणी जिंकलं हे विचारू नका. डेलिगेटचा फरक किती पडला, ते विचारा. हे वाक्य मी तेव्हा भिंतीवर चिकटवलं होतं.

आता त्याच वर्षीच्या रिपब्लिकन पक्षाकडे या. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याआधी एकही सरकारी पद भूषवलं नव्हतं, सैन्यातही ते नव्हते. पुढच्या दोन राज्यांत त्यांच्या पक्षाचे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जात नव्हते. साउथ कॅरोलिनात त्यांना साधारण साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि डेलिगेट मिळाले 50 पैकी 50. फ्लोरिडात 46 टक्क्यांच्या आत मतं, डेलिगेट 99 पैकी 99. बाकीची मतं रुबिओ, क्रूझ, केसिक अशा इतर उमेदवारांत वाटली गेली. मतविभागणी म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, ग्रामपंचायतीपासून पाहत आलोय आपण. एका पक्षात बाहेरचा उमेदवार तिसऱ्या हिश्श्याच्या मतांवर सगळं राज्य घेऊन गेला. दुसऱ्या पक्षात बाहेरच्या उमेदवाराला देशभरात 43 टक्के मतं मिळूनही उमेदवारी नाही. नियमांनी सँडर्सना लुटलं असं मीही वर्षभर म्हणत होतो. पण निवडून आलेल्या डेलिगेटपैकी त्यांना 46 टक्क्यांच्या आसपास मिळाले, म्हणजे मतांच्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्तच. राग बाजूला ठेवून आकडे मांडले तेव्हा हे दिसलं. मला ते आवडलं नाही.

सुपरडेलिगेटबद्दल, म्हणजे निवडून न येता पदामुळे डेलिगेट होणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षनेत्यांबद्दल, 2016 मधली जुनी स्पष्टीकरणं आता वापरू नका. 2018 मध्ये नियम बदलला. चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

मला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं ते टाउनशिप या स्थानिक संस्थेच्या एका निवृत्त क्लार्क बाईंनी. मिशिगनमध्ये निवडणूक प्रत्यक्ष चालवतात ती शहरांची आणि टाउनशिपची कार्यालयं. या बाईंनी अनेक वर्षं मतपत्रिका मोजल्या होत्या. माझ्या विभागातल्या एका नामवंत प्राध्यापकांनी माझा लेख पाहून फक्त 'इंटरेस्टिंग' म्हटलं होतं. माझं स्पष्ट मत आहे, मार्गदर्शक निवडताना ग्रंथांची यादी पाहू नका. जो माणूस तुमच्या तक्त्यातल्या रकान्यावर बोट ठेवून 'हा आकडा कुठून आणला?' विचारतो, त्याच्याजवळ बसा. आणि सट्टाबाजारातले भाव किंवा वेबसाइटवरची 'विजयाची शक्यता' उचलून त्यावर लेख उभारू नका. मी असे तीन लेख लिहिले. त्यातून मी एकही गोष्ट शिकलो नाही.

घाबरूही नका. यात शाळेतल्या टक्केवारीपलीकडचं गणित फार कमी आहे. लागते ती चिकाटी, कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यू यॉर्कचंच घ्या. तिथे प्रायमरी 19 एप्रिल 2016 ला होती, आणि मत फक्त त्या पक्षात नोंद असलेल्या मतदारालाच देता येत होतं. पण आधीपासून मतदार असलेल्याला पक्षाची नोंद बदलायची मुदत 9 ऑक्टोबर 2015 ला संपली होती, सहा महिने आधी! ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या मुलांनासुद्धा त्यामुळे वडिलांना मत देता आलं नाही. मी सँडर्ससाठी स्वयंसेवक म्हणून फोन करत होतो. न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्समधले एक मराठी काका भेटले, बरीच वर्षं नागरिक असलेले, उत्साहानं भरलेले. नोंद कोणत्याच पक्षात नव्हती. त्यांना 'काका, आता मत देता येणार नाही' हे सांगताना माझा घसा कोरडा पडला. बाहेरच्या उमेदवाराचे चाहते बहुधा असेच पक्षाबाहेरचे असतात, आणि बंद प्रायमरीत नेमके तेच दाराबाहेर राहतात.

जाता जाता एक ताकीद. विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिनपगारी मदत चालते, पण देणगी एक डॉलरचीही द्यायची नाही. ते बेकायदा आहे.

दोन्ही पक्षांच्या बाहेरून लढणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तिथे दार जवळजवळ बंदच आहे. अपक्ष रॉस पेरो जून 1992 मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत थोरले जॉर्ज बुश आणि बिल क्लिंटन दोघांच्याही पुढे होते. जुलैत माघार घेतली, ऑक्टोबरात परत आले. मतं मिळाली 18.9 टक्के, इलेक्टोरल मतं शून्य. उलट जॉर्ज वॉलेस यांना 1968 मध्ये 13.5 टक्केच मिळाली, पण दक्षिणेतली पाच राज्यं हाती लागली आणि इलेक्टोरल मतं 46. पेरोंची मतं देशभर पसरली होती, वॉलेस यांची एका कोपऱ्यात साठली होती. वॉलेस वंशभेदाच्या राजकारणावर उभे होते, म्हणून तो आदर्श मुळीच नव्हे. पण गणित समजायला ही जोडी शेजारी ठेवाच. शिवाय मतपत्रिकेवर नाव चढवणं हीच वेगळी लढाई. 2024 मध्ये टेक्सासमध्ये अपक्षाला 1,13,151 सह्या लागत होत्या, आणि त्याही प्रायमरीत मत न दिलेल्या मतदारांच्या.

म्हणून मला पक्षाच्या आतून घुसणारे जास्त महत्त्वाचे वाटतात. जॉर्ज मॅकगव्हर्न 1972 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, कारण डेलिगेट निवडण्याचे नवे नियम ज्या आयोगानं घडवले त्याचे ते आधी अध्यक्ष होते. नोव्हेंबरात 49 राज्यं हरले, ते वेगळं. जिमी कार्टर 1976 च्या आयोवा कॉकसमध्ये खरं तर दुसरे होते. पहिला क्रमांक 'अनिर्णित'चा, म्हणजे कुणालाच पसंती न देणाऱ्यांचा होता, 37 टक्के. तरी त्या 28 टक्क्यांनी एका फारशा न ऐकलेल्या माजी गव्हर्नरला देशभर ओळख दिली.

मला पहिलं स्थिर काम मिळायला मास्टर्सनंतर चार वर्षं गेली. तुम्हालाही वेळ लागेल, त्यात तुमचं काही बिघडलेलं नसतं. सुरुवात मिशिगनपासूनच करा. 2016 चे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) मतदारसंघनिहाय आकडे घ्या, कारण डेमोक्रॅटिक डेलिगेटपैकी बहुतेक तिथूनच वाटले जातात. दोघांतच लढत असेल आणि मतदारसंघात चार डेलिगेट असतील, तर साडेबासष्ट टक्के मिळेपर्यंत वाटणी दोन-दोनच राहते. मग पाच डेलिगेटचा मतदारसंघ घ्या, सहाचा घ्या. राज्यभरच्या मतांवर वाटले जाणारे उरलेले डेलिगेटही त्यात मिळवा. शेवटी बेरीज 67 आणि 63 आली पाहिजे. पहिल्या प्रयत्नात माझी आली नव्हती. क्लार्कबाईंनी पेन्सिल हातात दिली आणि पहिल्या मतदारसंघापासून पुन्हा मोजायला लावलं.