डॉज, बर्न, अनशार्प मास्क: फोटो एडिट करताना या चुका टाळा

फोटोशॉपमधल्या डॉज (उजळ करणाऱ्या) टूलचं चिन्ह नीट बघा: काडीच्या टोकाला गोल चकती. बर्नचं (गडद करणाऱ्या टूलचं) चिन्ह म्हणजे बोटं वळवलेला हात. दोन्ही डार्करूममधून, म्हणजे फिल्मवरून प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीतून आली आहेत. एन्लार्जरचा (फोटो मोठा करून प्रिंट काढायच्या यंत्राचा) प्रकाश निगेटिव्हमधून कागदावर पडत असताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरली, की तेवढ्या भागाला प्रकाश कमी मिळतो आणि प्रिंटमध्ये तो उजळ राहतो. आकाश पांढरंफटक येत असेल तर हाताच्या पोकळीतून फक्त तिथे जास्त प्रकाश द्यायचा, ते गडद होतं.

ही चकती सतत हलती ठेवावी लागे, नाहीतर तिची कडा कागदावर उमटे. आज नेमकं हेच विसरलं जातं. एक्स्पोजर (टूलचा जोर) ५० टक्के, ब्रश कडक आणि एकाच जागी घासणं! डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, पण तिथे राखाडी डाग बसतो. एक्स्पोजर ५ ते १० टक्के ठेवा, ब्रश मऊ घ्या, हात फिरता ठेवा. आणि मूळ लेयरला, म्हणजे फोटोच्या थराला हात लावू नका. नवा लेयर ५० टक्के राखाडीने भरा, ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत) ओव्हरले करा, त्यावर काम करा. बिघडलं तर तेवढ्या जागी पुन्हा तीच राखाडी फासा.

अनशार्प मास्क या फिल्टरच्या नावातच ‘अनशार्प’ म्हणजे धूसर आहे, तरी त्याने फोटो शार्प होतो, हे अनेकांना विचित्र वाटतं. पूर्वी निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिलाच जोडून प्रिंट काढत. त्यामुळे मोठ्या भागांतला फरक दबे आणि कडा उठून दिसत. फिल्टरमधला रेडियस म्हणजे ती प्रत किती धूसर, एवढंच. तो वाढवला की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागते, आणि ती फार वाईट दिसते. वेबसाठी ०.५ ते १ पिक्सेल पुरे. आधी आकार लहान करा, शार्पनिंग शेवटी. हात हलून बिघडलेला फोटो मात्र याने सुधारत नाही.

लेयर मास्कवर (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या मास्कवर) ब्रश चालत नसेल तर बहुतेक वेळा मास्कऐवजी चित्राचा थंबनेल (लेयरच्या यादीतलं छोटं चित्र) निवडलेला असतो. काळा झाकतो, पांढरा दाखवतो. बॅकस्लॅश दाबल्यावर झाकलेला भाग लाल दिसतो, कारण छापखान्यात झाकायला लाल फिल्म कापून लावत. तिथली छपाईची फिल्म लाल प्रकाशाला दाद देत नसे. हा लाल रंग फोटोत उतरत नाही. तीच कळ पुन्हा दाबा, तो जाईल.