मंडळीत बिनसलं तर काय करायचं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भांडणं होत नाहीत. म्हणजे आवाज चढत नाही, वकिलाची नोटीस जात नाही. फक्त एखादी बहीण, म्हणजे मंडळीतलीच बाई, रविवारी तुमच्या शेजारची खुर्ची सोडून मागच्या रांगेत बसायला लागते आणि सहा महिने तुम्हाला कारण कळत नाही.

आम्ही अ‍ॅनाबाप्टिस्ट, ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. 1525 साली झुरिकमध्ये काही जणांनी जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तिथून ही वाट निघाली. शपथ घ्यायची नाही, हात उचलायचा नाही, भावाला कोर्टात खेचायचं नाही. ठीक आहे, पण मग रागाचं करायचं काय? अकरा वर्षं विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बसून मी आमच्या बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या ओढण्या शिवतेय. कुणाचं कुणाशी फाटलंय ते मला मापं घेतानाच कळतं. तरी स्वतःवर आलं तेव्हा मीही गोंधळलेच.

माझी आई नगरकडची. प्रार्थनेला उभी राहिली की लुगड्याचा पदर डोक्यावर. वेगळी ओढणी तिने जन्मात घेतली नाही. म्हणून बैठकीत मी विचारलं, साडी नेसणाऱ्यांना ओढणीऐवजी पदर चालेल का? मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांनी, ऐकून घेतलं आणि महिन्याभराने नाही म्हणाले. पदर घसरतो, शिवाय पदर काय सगळ्याच बायका घेतात. मला फार लागलं. त्यात आठवड्याभरात तिसऱ्याच तोंडून कळलं की सायनची एक बहीण म्हणाली, ‘तिला ओढणीची लाज वाटते, पैसे मात्र घेते.’ मी कापडाचे 60 रुपये घेते. शिलाई घेत नाही.

पहिलं काम, ही दोन दुखणी वेगळी करा. वडिलांचा निर्णय मनासारखा झाला नाही, हे एक. अमुक बहीण अमुक बोलली, हे दुसरं. मी जवळजवळ पहिल्याचा राग दुसरीवर काढणार होते. निर्णयाबद्दल वडिलांना शांतपणे एवढंच विचारा, हे बायबलचं वचन आहे की आपला नियम? नियम असेल तर तो पुन्हा बैठकीत आणता येतो. मी पुढच्या वर्षी आणणार आहे.

माणसाबद्दलचं आधी कागदावर लिहा. मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, दीड पान भरलं. मग ‘नेहमी’, ‘सगळ्याजणी’, ‘मुद्दाम’ असले शब्द एकेक करून खोडत गेले. शेवटी तीन ओळी उरल्या. जाताना त्या तीनच न्यायच्या.

मग बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकाचा अध्याय 18. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, आणि एकटा जा. गालीलात एकांत मिळत असेल. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे तो कुठून आणायचा? उपासना संपल्यावर चपला घालता घालता बोलू नका, चार कान टवकारलेले असतात. लेडीज डब्यात तर नकोच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पुढे जातं. आणि आमचा सगळ्यात सोवळा चोरटा मार्ग म्हणजे ‘त्या बहिणीसाठी प्रार्थना करा हं, तिचं जरा...’ ही चहाडीच आहे, नुसते डोळे मिटून केलेली.

वेळ दुपारी अडीच ते चार बरी. भांडी झालेली असतात, पाणी यायचं असतं, पोरं क्लासला. मी फोन करून फक्त ‘तुमच्याशी अर्धा तास बोलायचंय’ म्हटलं आणि सायन किल्ल्याखालच्या बागेत गेलो. आजूबाजूला सगळी जोडपी, मधे पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या आम्ही दोघी. पाच मिनिटं नुसते शेंगदाणे खाल्ले. मग मी तीन ओळी वाचल्या.

ती म्हणाली, “ताई, लाज म्हणाले ते खरं. पैशाचं मी बोलले नाही.” थोडं थांबून म्हणाली, “आणि माझ्या मुलीची ओढणी दोन इंच आखूड झाली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, डोकंच मोठं आहे हिचं.”

मला ते आठवतही नव्हतं. तिच्या मुलीने त्यानंतर दोन रविवार यायचं टाळलं होतं. म्हणून सांगते, आपल्या तीन ओळींसोबत समोरच्याच्या तीन ओळी ऐकायची तयारी ठेवूनच तिकीट काढा.

एकट्याने जमलं नाही तर दोघांना घेऊन जा. त्यातला एक समोरच्याच्या विश्वासातला असू द्या; आपली जाऊ आणि नणंद नेली तर ती साक्ष नव्हे, वरात झाली. त्यानंतर मंडळी. आमच्या पंथाच्या सुरुवातीच्या लोकांनी 1527 साली श्लायटहाइमला ठरवलेल्या सात कलमांतही हाच क्रम आहे, दोनदा खाजगीत, तिसऱ्यांदा सर्वांसमोर, आणि तेही भाकर मोडण्याआधी, म्हणजे प्रभुभोजनाआधी. वाळीत टाकण्यापर्यंत गेलं तरी 1632 चं डॉर्ड्रेख्टचं कबुलीपत्र, म्हणजे पंथाच्या श्रद्धा मांडणारा लेख, सांगतं की तो माणूस उपाशी किंवा आजारी असेल तर मदत करायचीच. इथे ताणू नये. वाळीत टाकलेल्याशी किती कडक वागायचं यावरूनच 1693 साली याकोब आमानचे लोक फुटले, ते आजचे आमिश पंथाचे लोक.

एक गोष्ट मात्र या वाटेने न्यायची नाही. मारहाण किंवा मुलांशी लैंगिक गैरवर्तन असेल तर ‘एकटा जा’ लागू नाही. माणूस वडील असो नाहीतर पास्टर. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवायलाच हवं. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. मंडळीची लाज झाकायला कुणी शास्त्रवचन काढलं तर ऐकू नका.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायच्या विधीआधी, दोन आठवडे वडील प्रत्येकाला विचारतात, शांती आहे का? सगळ्या ‘हो’ म्हणतात, सवयीने. तुमची नसेल तर ‘अजून नाही, वेळ द्या’ म्हणा. मी एकदा म्हटलं होतं. कुणी हाकललं नाही, फक्त चहा जरा लवकर आटोपला.

आमच्यात एकमेकींचे पाय धुवायचा विधी असतो. यंदा पाय धुताना मी सायनच्या बहिणीसमोर परातीशी बसले. तिच्या टाचांना भेगा पडल्यात, दिवसभर उभं राहून इस्त्री करते. पाणी गार होतं, तिने पाय मागे ओढला. “कोमट करायचं ना हो ताई,” ती म्हणाली. पुढच्या खेपेला किटली मी नेणार आहे.