अमेरिकेचं नंतर पाहू, आधी दुकानाचं जीमेल कुणाच्या नंबरवर आहे ते बघा

सध्या कुठल्याही मळ्यात भरीत पार्टीला बसा, पहिली पंगत उठायच्या आत विषय निघतोच की ट्रम्पनं उद्या बटन दाबलं तर आपलं व्हॉट्सॲप, गूगल, एआय सगळं ठप्प, मग एक जण म्हणतो देशी झोहो कंपनीचं ईमेल घ्या, त्यांचंच व्हॉट्सॲपसारखं अराताई ॲप घ्या, दुसरा म्हणतो काही होत नाही भो, एवढं मोठं मार्केट कोण सोडतं. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत पण करायचं काय ते कुणीच सांगत नाही. म्हणून हे लिहितोय, कृषी केंद्र, केळीचा व्यापार, जिनिंग, क्लासेस असं काहीतरी चालवणाऱ्यांसाठी.

"काही होत नाही" वाल्यांना आधी नायराचं सांगा. हायवेला ज्यांचे पंप दिसतात तीच कंपनी, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा 49 टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे म्हणून युरोपियन युनियननं 18 जुलै 2025 ला निर्बंध लावले. निर्बंध युरोपचे, मायक्रोसॉफ्ट अमेरिकेची, कंपनी भारतात, लायसनचे पैसे पूर्ण भरलेले असं कंपनीचं म्हणणं, तरी चार दिवसात मायक्रोसॉफ्टनं त्यांचं ईमेल आणि टीम्स (ऑफिसच्या मीटिंगचं ॲप) बंद केलं. ते दिल्ली हायकोर्टात गेले आणि महिना संपता संपता सेवा परत सुरू झाली. त्यांच्याकडं वकिलांची फौज होती, आपल्याकडं हेल्पलाइनचं म्युझिक आहे.

आता कामाचं. एक कागदाची वही घ्या (हो, कागदाचीच) आणि दुकान ज्या ज्या गोष्टीवर चालतं ते लिहून काढा. जीमेल, व्हॉट्सॲप, बिलिंग, यूपीआय, सीसीटीव्ही, गूगल मॅपवरचं दुकानाचं पान, सगळं. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहायच्या: चावी कुणाकडं, माहिती कुठं साठते, आणि बंद पडलं तर किती दिवस तग धरू.

पहिल्याच रकान्यात बऱ्याच जणांची मजा होते. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन रिकव्हरी फोन बघा. आपल्याकडं दहातल्या कित्येक दुकानांचं जीमेल भाच्यानं उघडून दिलेलं असतं, भाचा आता पुण्याला हिंजवडीत, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो मीटिंगमध्ये असला की इथं जिभाऊ काउंटरला बसून "लावतो का रे फोन परत" करत असतात. समोर गिऱ्हाईक उभं, मागच्या हंगामाच्या खताचं बिल मागतंय पीकविम्याच्या कामासाठी, आणि बिल आहे ड्राइव्हमध्ये. डिजिटल सार्वभौमत्व, म्हणजे आपल्या माहितीची चावी आपल्याच हातात, म्हणतात ते इथून सुरू होतं, अमेरिका राहू द्या, आधी भाच्याकडून स्वराज्य घ्या. नंबर स्वतःचा टाका, जुनी डिव्हाइसं काढा, बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, माहिती बाहेर काढून बघा. गूगल टेकआउट (गूगलमधली आपली माहिती उतरवून घ्यायचं गूगलचंच पान) उघडा, ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट, फोटो एवढंच टिक करा, झिप फाइलची लिंक मेलवर येते, कधी तासाभरात कधी दुसऱ्या दिवशी, आणि ती लिंक आठवडाभरच टिकते म्हणून आली की लगेच उतरवून घ्या. मग ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिसमध्ये (एक्सेल-वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडून बघा, नुसतं डाउनलोड करून बॅकअप झाला असं समजू नका. व्हॉट्सॲपचं मात्र अवघड आहे, चॅट एकेक करून एक्सपोर्ट करावं लागतं आणि ते परत ॲपात घालता येत नाही, म्हणून सौद्याचा भाव नुसता चॅटमध्ये ठेवू नका, त्याच संध्याकाळी शीटमध्ये उतरवा.

आणि देशी म्हणजे सुटलो असंही नाही हां. ज्यांच्याकडं वीस वर्षांपूर्वीच्या मराठी डीटीपी फाइली आहेत त्यांनी आज उघडून बघाव्यात, युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेली पद्धत) आधीचे फॉन्ट बहुतेक आपल्याच लोकांनी बनवलेले, तो फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेच्या जागी नुसता कचरा दिसतो. म्हणून ॲप निवडताना झेंडा कुठला हे दुसऱ्या नंबरवर, माझा माल घेऊन बाहेर पडता येतं का हे पहिल्या नंबरवर.

याच हिशोबानं ईमेल. केंद्र सरकारनं 12 लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांचे मेल झोहोवर नेले, पण पत्ता जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इनच राहिला. डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) स्वतःचं म्हणून मागची कंपनी बदलता आली. तुम्हीपण दुकानाच्या नावाचं डॉट इन घ्या, वर्षाला साधारण हजारच्या आत बसतं, त्याच्यामागं आज गूगल लावा, उद्या झोहो, परवा आणखी कुणी, गिऱ्हाइकाला कळणारपण नाही. फक्त डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नाही.

एआयचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त आरडाओरडा तिथंच आहे. डीपसीक या चिनी एआयचं घ्या. त्याचं ॲप वापरलं तर माहिती चीनमधल्या सर्व्हरवर जाते, तसं त्यांच्या पॉलिसीतच लिहिलंय, आणि 1989 ला चीन सरकारनं तिआनमेन चौकात आंदोलन चिरडलं त्याबद्दल विचारलं की टाळाटाळ करतं. पण त्याच डीपसीकचं आर 1 मॉडेल, म्हणजे ॲपमागचा मेंदू, जानेवारी 2025 मध्ये खुलं करून दिलेलं आहे, ते उतरवून स्वतःच्या मशीनवर चालवलं तर तुमचा एक शब्द बाहेर जात नाही, शिकवण मात्र त्यांचीच राहते. मेटाचं लामा, गूगलचं जेमा यांचंही तसंच. त्यामुळं "चायनाचं आहे, फेका" म्हणणाऱ्याला विचारा, ॲप का मॉडेल?

करून बघायचं असेल तर ओलामा (असली मॉडेलं आपल्या पीसीवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाका, 8 जीबी रॅमच्या पीसीवर तीन-चार अब्ज पॅरामीटरचं (मॉडेल केवढं ते मोजायचं माप) छोटं मॉडेल चालतं. मराठी कामचलाऊच आहे, केळीवरच्या करप्याला काय मारू असं विचारून औषध फवारायला जाऊ नका. इंग्रजी पत्राचा मसुदा, यादी लावणं, एवढ्याला ठीक. बाकी मोठ्या कामाला चॅटजीपीटी वापरा की, मी पण वापरतो, फक्त डेटा कंट्रोलमध्ये जाऊन ट्रेनिंगची परवानगी बंद करा आणि गिऱ्हाइकाचं आधार, सातबारा, उधारीची यादी त्यात टाकू नका. आपल्या अर्थ मंत्रालयानंच 2025 च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक दोन्ही वापरू नका सांगितलं होतं, म्हणजे अमेरिका-चीन एकाच माळेचे मणी.

पूर्ण स्वदेशी व्हायच्या नादी मात्र लागू नका. यूपीआय एनपीसीआय या आपल्याच संस्थेचं, पण बहुतेकांच्या फोनात ते चालतं गूगलच्या अँड्रॉइडवर. एनव्हिडियाची चिप अमेरिकेत डिझाइन होते, मुख्यतः तैवानात बनते, ती बनवायचं मशीन नेदरलँड्सच्या एएसएमएलचं. इथं अमेरिकेलाच दुसऱ्याच्या दारात जावं लागतं तर पारोळ्याच्या दुकानदारानं कसली लाज बाळगायची.

शेवटी एकदा ट्रायल घ्या. मंदीचा दिवस बघून वायफाय बंद, मोबाइल ड्रॉवरमध्ये, आणि दुपारपर्यंत नुसत्या बॅकअपच्या हार्ड डिस्कवर आणि वहीवर धंदा करून दाखवा. जिथं अडेल ते लिहून ठेवा. हे दरवर्षी आखाजीला करायचं, तसाही सालदाराचा हिशोब त्याच वेळी होतो, त्यातच हे उरकून टाका. आणि डिस्क दुकानात ठेवू नका, घरी न्या.