सीडी४ दिसेना म्हणून लगेच नेफला धरू नका: फ्लोमधल्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात लॅबमध्ये नवी मुलं येतात आणि दर पावसाळ्यात फ्लो सायटोमेट्रीचा (चमकती अँटिबॉडी लावून एकेका पेशीवरचं प्रथिन मोजण्याचा) तोच आलेख माझ्या टेबलावर पडतो: टी पेशींवरचा सीडी४ हा रिसेप्टर, म्हणजे एचआयव्ही ज्याला धरून आत शिरतो तो, घसरलेला, खाली ठळक अक्षरांत 'नेफ'. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरून सीडी४ उतरवतं हे खरंच. ते सीडी४ची पेशीच्या आतली शेपटी एपी-२ या जोडणी-प्रथिनाला जोडून देतं, क्लॅथ्रिनच्या (पटलाची पिशवी घडवणाऱ्या प्रथिनाच्या) वाटेने रिसेप्टर आत ओढला जातो आणि लायसोसोममध्ये, पेशीच्या कचरा पचवणाऱ्या कप्प्यात, संपतो. पण म्हणून प्रत्येक घसरण नेफच्या खात्यावर?

फोंड्याहून कदंब बसने येणारा एक मुलगा होता. त्याने जर्कट पेशींत (लॅबमध्ये वाढवलेल्या टी पेशींत) नेफचं प्लास्मिड, म्हणजे त्याचा जीन वाहणारं डीएनएचं वर्तुळ, घातलं आणि प्रथिन जास्त बनावं म्हणून शेवटचे काही तास पीएमए हे पेशी चेतवणारं रसायन दिलं. सीडी४ जवळजवळ गायब! पठ्ठ्या इतका खूश की पोस्टरचं शीर्षकही ठरवून बसला. मी विचारलं, "नेफ नसलेलं रिकामं प्लास्मिड अधिक पीएमए, ती ट्यूब कुठे?"

"सर, ती दवरूंक ना." (ठेवली नाही.)

मग ठेवायला लावली. तिच्यातही सीडी४ तेवढाच पडला. पीएमएमुळे प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं होतं, सीडी४च्या शेपटीवरच्या सेरीनवर फॉस्फेट बसतं आणि पेशी रिसेप्टर आपणहून आत घेते. माझ्याकडे आता रिकाम्या प्लास्मिडची ट्यूब आधी भरतात, नेफची नंतर. 'वेळ नव्हता' हे मला सांगू नये. पोस्टर रंगवायला बरा वेळ मिळतो.

दुसरी चूक उलटी: नेफ घातलं, काहीच घडेना. बहुतेकदा जीएफपी, म्हणजे खूण (टॅग) म्हणून जोडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, नेफच्या पुढच्या टोकाला चिकटवलेलं निघतं. तिथलं ग्लायसीन हे अमिनो आम्ल मोकळं हवं. त्यावर मिरिस्टिक आम्ल हे मेदाम्ल बसतं, तेव्हा कुठे नेफ पटलाला धरतं. टॅग मागच्या टोकाला लावा. पेशी हिरवीगार चमकते म्हणून प्रथिन काम करतंय असं धरून बसू नका.

अख्खा विषाणू वापरत असाल तर अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे ती सीडी४च्या नेमक्या कुठल्या भागावर बसते ते ठरवणारा वाण, तपासा. विषाणूच्या कवचावरचं जीपी१२० हे प्रथिन सीडी४च्या पहिल्या डोमेनवर (भागावर) बसतं, एसके३ हा क्लोनही तिथलाच, म्हणून त्याला जागा उरत नाही. रिसेप्टर असूनही दिसणार नाही. ओकेटी४ हा क्लोन तिसऱ्या डोमेनवर बसतो, तो घ्या.

मेलेल्या पेशी वगळा, त्यांना काहीही चिकटतं. सीडी४ असलेल्या पेशींचे नुसते टक्के नकोत, चमकेचा मध्यक द्या. पेशी बर्फावर ठेवा. कोमट झाल्या की अँटिबॉडी लागलेला रिसेप्टर आत ओढत राहतात. वीज जाऊन बर्फाचं मशीन बंद पडलं तर मासळीबाजारातून बर्फ आणा, ट्यूबना वासाचं काही नाही.

आणि नेफने 'एमएचसी-१ पाडला' असं मोघम लिहू नका; एमएचसी-१ म्हणजे पेशीच्या आतले तुकडे बाहेर दाखवणारी प्रथिनं, माणसात एचएलए-ए, बी आणि सी. ते एचएलए-ए आणि बी उतरवतं, सीला सहसा हात लावत नाही. डब्ल्यू६/३२ अँटिबॉडी तिन्ही एकत्रच मोजते.