हिवाळ्यातल्या उन्हासाठी आरव्हीने दक्षिणेकडे: दोघांनी तयारी कशी करावी

शिकागोत डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पुढचे तीन महिने बर्फ, मीठ टाकलेले रस्ते आणि घरातला हीटर. याला कंटाळून अमेरिकेच्या उत्तरेकडची हजारो जोडपी थंडी सुरू झाली की आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली घर-गाडी, काढतात आणि ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा गाठतात. लोक त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. निवृत्तीला आलेल्या आपल्या मराठी जोडप्यांनीही हा प्रवास एकदा जरूर करावा, असं मला मनापासून वाटतं. इथे मी शिकागो परिसरातून ॲरिझोनाच्या वाळवंटापर्यंतचा प्रवास धरला आहे.

१. दक्षिण बघू नका, उंची बघा

सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे. नकाशावर ॲरिझोना दिसलं की ऊब मिळणार असं वाटतं. पण ॲरिझोनातलंच फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर आहे आणि तिथे वर्षाला साधारण १०० इंच बर्फ पडतो. तिथून १४५ मैलांवरच्या फिनिक्सची उंची १,१०० फूट, आणि तिथे जानेवारीत लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात. महाबळेश्वरला शाल लागते आणि घाट उतरून महाडला आलं की पंखा, तसंच हे आहे. फक्त इथे फरक बर्फाचा आहे.

म्हणून मुक्कामाचं प्रत्येक गाव निवडताना त्याची उंची आणि रात्रीचं किमान तापमान लिहून ठेवा. दुपारचं तापमान फसवं असतं. वाळवंटात दिवसा छान ऊन आणि पहाटे नळ गोठलेला, असं सहज होतं.

२. गाडी घ्यायची की भाड्याने?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भाड्यानेच घ्यावी. तीही फिनिक्सला विमानाने उतरून तिथेच घेतली तर बर्फातून गाडी हाकण्याचा भाग गळून जातो. भारतातून येणाऱ्यांसाठीही हाच मार्ग सोयीचा. दोघांना ‘क्लास सी’, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी, पुरून उरते. ‘क्लास बी’ ही व्हॅन चालवायला सोपी, पण पावसाच्या दिवशी दोघांना आत बसून काढणं कठीण जातं.

स्वतःची गाडी असेल तर आधी टायर बघा. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आरव्हीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर घेऊन २,००० मैलांच्या प्रवासाला निघू नका.

३. पाण्याची यंत्रणा कोरडी ठेवूनच निघा

पाइपांत पाणी राहिलं आणि गोठलं की पाइप फुटतात, आणि ते कळतं ऊबदार जागी पोचून पंप सुरू केल्यावर. त्यामुळे शिकागोहूनच गाडी नेणार असाल तर घर सोडताना टाक्या रिकाम्या करा, वॉटर हीटर बायपासवर टाका (म्हणजे त्यात काही शिरणार नाही) आणि पाइपांत गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत पाइप फुटू न देणारं द्रव, भरा. इंजिनात घालतात ते विषारी असतं. ते इथे चालत नाही.

पहिले काही दिवस प्यायला पाण्याचे कॅन, हात धुवायला बादली, अंघोळ मोटेलमध्ये किंवा ट्रक स्टॉपवर. थोडी गैरसोय होते, पण ती तेवढ्यापुरतीच. रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच वर राहील अशा जागी पोचलात की अँटीफ्रीझ धुऊन काढा. मग दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, वास नसलेलं ब्लीच या हिशेबाने टाकी भरून प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, काही तास ठेवा आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा.

४. रस्ता: आधी खाली, मग पश्चिमेला

जीपीएस बहुधा ओक्लाहोमा सिटीवरून आय-४० हा महामार्ग सुचवेल. अंतर कमी, पण तो रस्ता अल्बुकर्क आणि फ्लॅगस्टाफच्या उंचीवरून जातो. हिवाळ्यात त्यापेक्षा मेम्फिस, लिटल रॉक, डॅलस असं सरळ खाली उतरा, तिथून आय-२० आणि पुढे आय-१० धरा. एकूण साधारण २,१०० ते २,२०० मैल होतात. दिवसाला २५०-३०० मैलांपेक्षा जास्त जाऊ नका आणि उजेडातच मुक्कामाला पोचा. सुरुवातीला बर्फाचा अंदाज असेल तर एक दिवस थांबा. निवृत्तीचा हाच तर फायदा आहे.

पश्चिम टेक्सस ते ॲरिझोनातलं विलकॉक्स हा पट्टा मात्र ४,००० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे तिथे रात्री पाणी गोठतंच. पाणी भरायची घाई टूसॉन ओलांडेपर्यंत करू नका. न्यू मेक्सिकोतल्या लॉर्ड्सबर्गजवळ धुळीची वादळं येतात. धुळीत सापडलात तर गाडी रस्त्यापासून जितकी दूर नेता येईल तितकी बाजूला नेऊन थांबवा आणि सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. मागचा ड्रायव्हर तुमच्या लाल दिव्यांमागे येऊन आदळू शकतो.

सीमेजवळच्या या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाच्या, चौक्या लागतात. ग्रीन कार्ड असणाऱ्यांनी ते जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. घरच्या तिजोरीत ठेवून येऊ नका.

आणि एक खास आपल्यासाठी: कढीपत्त्याची कुंडी सोबत नेऊ नका. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग ज्या किड्यामुळे पसरतो, तो कढीपत्त्यावरही वाढतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांत त्याच्या ने-आणीवर बंधनं आहेत. घरून निघतानाच वाळवलेली पानं डब्यात घ्या.

५. मुक्काम: क्वार्टझ्साइट आणि यूमा

ॲरिझोनातलं क्वार्टझ्साइट हे स्नोबर्ड मंडळींचं गाव. ९०० फुटांच्या आतली उंची, आजूबाजूला सरकारी वाळवंट. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या ला पोसा या दीर्घ मुक्कामाच्या जागेत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. संपूर्ण हंगामाचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलर आणि १४ दिवसांचा ४० डॉलर होता. यंदाचा दर निघताना पाहून घ्या. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे, पण गाडीपाशी वीज-पाण्याची जोडणी नाही. ती हवी असेल तर खासगी आरव्ही पार्क घ्या. नवख्यांनी पहिला आठवडा पार्कमध्ये काढावा, मग वाळवंटात जावं.

जागेवर लावताना गाडीचं तोंड पूर्वेला करा. म्हणजे दार आणि बाहेर उलगडायचं छत असलेली उजवी बाजू दक्षिणेला येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे दिवसभर ऊन आत येतं आणि दाराशी खुर्च्या टाकून बसता येतं. गाडी लावताना एकाने बाहेर उभं राहायचं, आणि तेही ड्रायव्हरला आरशात दिसेल अशाच जागी. हातांच्या खुणा आधी ठरवून घ्या.

टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक म्हणजे संडासाची, मग ग्रे म्हणजे अंघोळ-भांड्यांची; साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ आत राहतो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, वेगळ्या कप्प्यात.

स्वयंपाकात प्रेशर कुकर हवाच: प्रोपेन वाचतो आणि वाफेने खिडक्या ओल्या होत नाहीत. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर करा, कारण छोट्या गाडीत मिरचीच्या खाटाने धुराचा अलार्म लगेच ओरडतो. तो अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही काढून ठेवू नका. ऊब यावी म्हणून गॅस पेटता ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं.

गावात हाजी अलीचं थडगं जरूर पाहा. १८५०च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला हा उंटवाला. स्थानिकांच्या तोंडी तो ‘हाय जॉली’ झाला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकाला धातूचा उंट.

क्वार्टझ्साइटलाही गार वाटलं तर दक्षिणेला यूमा आहे, उंची जेमतेम १४० फूट. तिथे वर्षभरातल्या उजेडाच्या वेळेपैकी सुमारे ९० टक्के वेळ ऊन असतं.

६. औषधं आणि विमा

मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं, पण खासगी विमा कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांना बहुधा ठरलेल्या भागातलेच डॉक्टर लागतात. बाहेरच्या राज्यात नेमकं काय मिळेल ते निघण्याआधी फोन करून विचारा. औषधं देशभर शाखा असलेल्या फार्मसीत वळवून घ्या. वय ६२ पूर्ण असलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास ८० डॉलरला मिळतो. टूसॉनचं सवारो आणि न्यू मेक्सिकोतलं पांढऱ्या जिप्समच्या टेकड्यांचं व्हाइट सँड्स त्यावर पाहता येतं.

७. परतताना

मार्चच्या उकाड्याने घाई करू नका. शिकागोकडे एप्रिलमध्येही रात्री पाणी गोठतं. निघण्याच्या आठवड्यात वाटेतल्या गावांचं रात्रीचं तापमान पुन्हा तपासा, आणि एका जरी मुक्कामाला शून्याखाली जाणार असेल तर ॲरिझोना सोडण्याआधीच टाक्या रिकाम्या करून पाइपांत पुन्हा अँटीफ्रीझ भरा.