शाळेतल्या मुलांची आरोग्यविषयक माहिती कशी जपावी

आरोग्य तपासणी झाली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी पडते: नाव, वजन, हिमोग्लोबिन, शेरा. पालकांनी मुलांना लवकर दवाखान्यात न्यावं, एवढाच टाकणाऱ्याचा हेतू असतो. पण त्याच यादीत एखाद्या मुलीच्या नावापुढे ‘सिकलसेल वाहक’ असं लिहिलेलं असतं. सिकलसेल हा आई-वडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार; वाहक व्यक्तीला सहसा काहीही त्रास होत नाही. तरीही गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हे दोन शब्द गावभर झाले की तिच्या लग्नाचा विषय निघतो, आणि मुलगी असते सातवीत.

म्हणून मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालकांनी प्रत्येक नोंदीबाबत एकच प्रश्न विचारावा. ही माहिती मिळाल्यावर हा माणूस मुलासाठी नेमकं काय करणार आहे? काहीच करणार नसेल, तर त्याला ती देऊ नये. काही करणार असेल, तर मात्र त्याच्यापासून ती लपवू नये, कारण त्यात मुलाच्या जिवाला धोका असू शकतो.

१. प्रवेशाच्या वेळी मोजकंच विचारा

‘विद्यार्थ्यास कोणता आजार आहे काय?’ हा रकाना फॉर्मवरून काढून टाका. त्याऐवजी विचारा: शाळेच्या वेळेत कोणतं औषध घ्यावं लागतं? कशाची अ‍ॅलर्जी आहे? अचानक त्रास झाला तर आधी काय करायचं आणि फोन कुणाला करायचा? कोणता खेळ टाळायचा? घरच्यांच्या आजारांची चौकशी शाळेने करू नये.

एचआयव्हीबद्दल तर अजिबात नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं किंवा स्थिती उघड करणं त्याने रोखलं आहे आणि शिक्षणात भेदभावाला मनाई केली आहे. ‘इतर मुलांच्या सुरक्षिततेसाठी’ हे कारणही चालत नाही. एकत्र बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने एचआयव्ही पसरत नाही.

आरोग्याचा कागद प्रवेश अर्जाला टाचू नका, वेगळ्या पाकिटात घ्या. तो कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हे त्यावर मराठीत छापा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या शाळेने त्याआधीच ही सवय लावून घ्यावी.

२. तपासणीच्या दिवशी आडोसा करा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक शाळेत येतं. त्यात एक पुरुष आणि एक महिला वैद्यकीय अधिकारी असावेत अशी रचना आहे. तिचा उपयोग करा. मुलींची तपासणी महिला डॉक्टरांकडे, वेगळ्या खोलीत, एका वेळी एकच मुलगी. व्हरांड्यात रांग लावून वजन मोठ्याने ओरडून सांगण्याची पद्धत बंद करा. जाड्या, काडी, काळ्या-पिवळ्या दातांचा अशी नावं त्या रांगेतच पडतात आणि दहावीपर्यंत सुटत नाहीत. आकडा थेट कार्डावर लिहावा, कार्ड मुलाच्या हाती न देता पालकांना भेटून किंवा बंद पाकिटातून द्यावं. पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं असेल तर त्या एका पालकाला फोन करावा. अशी मुलं वर्गात फार थोडी असतात, फोन करणं शक्य असतं.

३. आजाराचं नाव नको, कृती सांगा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. पालकांना बसवून प्रत्येक गरजू मुलासाठी एक कार्ड तयार करा आणि त्यातला तुकडा त्या त्या माणसाला द्या. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ‘अमुकला शेंगदाण्याचं काही वाढायचं नाही’ एवढं पुरतं. खेळाच्या सरांना ‘दम लागला की लगेच थांबवा, पंप त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे’ हे कळायला हवं. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जाऊ द्यावं, थंडीत पहाटे मैदानावर उभं करू नये. हे पाळायला बाकी वर्गाला कारण सांगावं लागत नाही.

काही वेळा मात्र नाव सांगावंच लागतं. टाइप १ मधुमेह असलेलं मूल घामाघूम झालं, थरथरू लागलं, गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर त्याला ताबडतोब साखर द्यायची आणि एकटं कुठेही पाठवायचं नाही; शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची. वर्गावर येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत हवं, बदली शिक्षकालासुद्धा. पण तेही पालकांशी बोलून, आणि मूल मोठं असेल तर त्याला विचारून. नववीतला मुलगा ‘सरांना सांगा, पण मुलांना नको’ असं स्पष्ट सांगू शकतो. त्याचं ऐकावं.

४. कागद आणि कॉम्प्युटर

अध्ययन अक्षमतेची प्रमाणपत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुलुपाच्या कपाटात ठेवा, किल्ली दोघांकडेच. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर दिव्यांगत्वाचा प्रकार भरावा लागतो. ती नोंद बाहेरच्या सायबर कॅफेत बसून करू नका, आणि पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवू नका. गूगल शीटची लिंक ‘कुणालाही उघडता येईल’ अशी ठेवली तर ती शीट चौकात लावल्यासारखीच आहे. मुदत संपलेले कागद रद्दीवाल्याला देण्याआधी बारीक फाडा, नाहीतर वडापाव बांधलेल्या कागदावर कुणाचा तरी तपासणी अहवाल निघेल.

५. गुप्तता म्हणजे गप्प बसणं नव्हे

मुलाने जीव द्यावासा वाटतो असं सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन, आणि तुला सांगूनच’ असं म्हणा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. प्रकरण शाळेतल्या शाळेत मिटवणं हा गुन्हा ठरतो. त्याच कायद्याने मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यावर बंदीही आहे. चाइल्डलाइन १०९८ वर मार्गदर्शन मिळतं.

६. माहिती बाहेर गेलीच तर

ग्रुपवरचा मेसेज लगेच ‘सर्वांसाठी’ डिलीट करा, आणि पालकांना दुसऱ्याकडून कळण्याआधी त्याच दिवशी स्वतः सांगा. काय गेलं, कुणाकडे गेलं, हे तारखेसह लिहून ठेवा. पालकांनी लेखी तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे, दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे द्यावी. वर्गात त्या मुलाचं नाव घेऊन ‘याला चिडवू नका’ असं भाषण करू नका. त्याने उरलेल्यांनाही कळतं. चिडवणाऱ्यांशी एकेकट्याने बोला, आणि त्या मुलासाठी आपण वर्गात आणखी काय करायला हवं, काय नको, हे त्यालाच विचारा.