चार्ट सोडला, सवय सुटली का? फंडामेंटल शिकताना या चुका टाळा

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडेच मांडले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. सांगली-मिरजेकडेही आता भावाचे चार्ट बंद करून कंपनीचा ताळेबंद उघडणारे, म्हणजे फंडामेंटल शिकणारे भेटू लागलेत. चांगलंच आहे. पण बरेच जण ताळेबंदाकडेही चार्टच्याच नजरेने बघतात. एक आकडा धरायचा, तो रेघेखाली आला की 'बाय'. कालपर्यंत आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा वेग दाखवणारा चार्टवरचा आकडा) होता, आज पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा) आहे, एवढाच फरक.

पी/ई कमी दिसला की उडी

साखरेचे शेअर घ्या. (आपल्याकडचे बरेच कारखाने सहकारी, त्यांचा सभासदाचा शेअर वेगळा, बाजारात खरेदी-विक्री होते ती खासगी लिस्टेड कंपन्यांची.) समजा शेअर २०० रुपयांना आहे आणि यंदा प्रति शेअर ५० रुपये नफा झालाय. पी/ई फक्त ४. फुकटच वाटतं. पुढच्या वर्षी ऊस कमी पडला, निर्यात बंद झाली, नफा ८ रुपयांवर आला, की त्याच भावाला पी/ई २५. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले; ते कुठल्या चार्टवरही नव्हतं आणि कुठल्या पी/ईतही नव्हतं. चढ-उताराच्या धंद्यात पी/ई सगळ्यात कमी दिसतो तो बहुतेक वेळा नफा शिखरावर असताना. अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा धरू नका, सात-आठ वर्षांची सरासरी काढा आणि त्यातल्या वाईट वर्षी कर्जाचं व्याज भागलं होतं का ते बघा.

नफा आहे, पैसा कुठाय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हे कुणाला शिकवायला नको. हळद चढ्या भावाने विकली, वहीत नफा दिसला, पण पुढच्या पार्टीने पेमेंट अडकवलं की पेढीचे हाल. कंपनीचंही तसंच. म्हणून नफा-तोटा पत्रकावर थांबू नका, कॅश फ्लोचं पान काढा. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका बाजूला, धंद्यातून आलेली रोख दुसऱ्या बाजूला. रोख सतत मागे राहत असेल तर येणी (गिऱ्हाइकांकडून यायची उधारी) आणि मालाचा साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का ते तपासा. विक्री १० टक्के आणि येणी ४० टक्के वाढली असतील, तर माल उधारीवर ढकलला जातोय अशी शंका घ्यायला जागा आहे.

अर्थात कागदच खोटा असला तर हीही तपासणी फसते. सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटींची रोख अस्तित्वातच नव्हती, हे जानेवारी २००९ मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः लिहून दिलं. अभ्यास कितीही पक्का असो, सगळी पुंजी एका शेअरमध्ये नको, ते यासाठीच.

छोट्या गफलती

उपकंपन्या असतील तर स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) नव्हे, कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून एकत्रित) आकडे बघा. नफ्यात जमीन विकून आलेली रक्कम मिसळली आहे का बघा. प्रवर्तकांनी (कंपनीच्या मूळ मालकांनी) किती शेअर कर्जासाठी तारण ठेवलेत ते दर तिमाहीला जाहीर होतं, बीएसईच्या साइटवर मिळतं. बँकेला मात्र कर्ज-भांडवलाचं नेहमीचं गुणोत्तर लावू नका. तिथे थकीत कर्जं बघायची.

'फंडामेंटल स्ट्राँग आहे' म्हणत ॲव्हरेज करणं

भाव पडला की आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणायची, ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. चार्टवाल्याकडे निदान स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाखाली गेला की विकून बाहेर पडायची मर्यादा) असतो. घेताना कारण लिहून ठेवा: 'कर्ज दोन वर्षांत निम्मं होईल', असं तपासता येणारं. तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत येतात. तेव्हा ते कारण पडताळा. कर्ज वाढलं असेल तर भाव पडला म्हणून आणखी घेण्यात अर्थ नाही. कारण शाबूत असेल तर रोज भाव बघायची गरज नाही.

ओळखीची कंपनी, म्हणून चांगला शेअर

किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, नाव घरोघरी. पण कंपनी माहीत असणं आणि आजचा भाव वाजवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. भाव ठरवायला आकडेच लागतात. आणि आत कामाला असलेल्या पाहुण्याकडून जाहीर न झालेल्या ऑर्डरची खबर काढून शेअर घेणं हा अभ्यास नव्हे. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत घेणाराही अडकतो, सांगणाराही.